मुरूम लागेपर्यंत

माझं घर मी माझ्या नावावर बांधलं आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात ते मागच्या कोपऱ्याने खचायला लागलं. यातली पहिली गोष्ट लोकांना जास्त खुपली होती, त्यामुळे दुसरी घडल्यावर पुष्कळांना बरं वाटलं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर ट्रंक कॉल लावून द्यायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याची उत्तरं मी माणूस बघून देत असे. आई लवकर गेली होती. वडील रेल्वेत गँगमन. इगतपुरीच्या बाजूला घाटात त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. निवृत्त झाल्यावर रेल्वेची खोली सुटली आणि ते नाशिक रोडला थोरल्या भावाकडे राहायला गेले. भाऊ, वहिनी, तीन मुलं आणि दोन खोल्या. वाईट कोणीच नव्हतं, जागा नव्हती. एकदा मी भेटायला गेले, तर घरात पाहुणे आले म्हणून दादांची खाट बाहेर काढली होती आणि दादा खाटेबरोबर बाहेर, रस्त्याच्या कडेला बसले होते. मला बघून ते हसले आणि म्हणाले, "हवा चांगली हाय इथं."

घर बांधायचं हे मी त्या दिवशी ठरवलं.

आग्रा रोडच्या पलीकडे तेव्हा मळे होते. त्यातल्या एका मळ्याचे तुकडे पाडून सोसायटी निघाली होती. आमच्या समाजातल्या बऱ्याच जणांनी तिथे प्लॉट घेतले, कारकुनांनी, शिक्षकांनी, कारखान्यातल्या कामगारांनी. इतर लोकही होते. जमीन काळी कुळकुळीत. मला प्लॉट दाखवायला आलेला माणूस मूठभर माती उचलून म्हणाला, "सोनं आहे बाई, सोनं." त्याचं खोटं नव्हतं. त्या मातीत ऊस लावला असता तर मी श्रीमंत झाले असते.

गवंड्याने कमरेइतका पाया खणला, दगड भरला, वर विटांच्या भिंती आणि स्लॅब घातला. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी. हिवाळ्यात आम्ही राहायला गेलो. विहारातले दोन उपासक आले, त्रिसरण-पंचशील झालं, सगळ्यांनी खीर खाल्ली. दादांची खाट पुढच्या खोलीत खिडकीखाली लागली. ती कोणीही बाहेर काढणार नव्हतं.

शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणीवाले आणि त्यांच्या मालकीणबाई मागेच राहायचे. खीर द्यायला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "वास्तुशांत नाही केली?"

"आम्ही करत नाही," मी म्हटलं.

"निदान नारळ तरी?"

"खीर गरम आहे, झाकून ठेवा."

पहिला पावसाळा नीट गेला. पुढच्या उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या, अंगणात एवढ्या रुंद की दादांच्या काठीचं टोक आत जायचं. मग एके दिवशी स्वयंपाकघरात दूध सांडलं आणि ते मोरीकडे न जाता उलट कोपऱ्याकडे धावलं. मी वाकून बघितलं. मागच्या कोपऱ्यातल्या शहाबादी फरश्या खाली बसल्या होत्या. भिंतीच्या आणि फरशीच्या मध्ये बोट जाईल अशी फट होती. आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा तिरका निघून पायाकडे गेला होता.

गवंड्याला बोलावलं. त्याने तड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काळ्या मातीत असंच असतं. सिमेंट भरून घ्या, दिसणार नाही."

"दिसणार नाही ते ठीक. थांबेल का?"

त्याला नाशिक रोडला दुसरं काम होतं. तो गेला.

गिरणीवाल्या बाई कुंपणाजवळ उभ्या होत्या. "मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "जागेला काही द्यावं लागतं."

"तुमच्या घराची शांत झाली होती ना? मग तुमच्या मागच्या भिंतीला पोपडे का आलेत?"

"ती ओल आहे."

"माझ्याकडेही ओलच आहे."

हे मी नुसतं तोंडाला आलं म्हणून बोलले होते. ते खरं निघालं, पण त्याला अजून वेळ होता.

तडा बघून दादा मात्र खूश झाले. खूशच म्हणायला हवं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं आणि आता घरच्या घरी काम निघालं होतं. रेल्वेत त्यांचं कामच ते होतं. रूळ खाली बसला की जॅकने उचलायचा आणि स्लीपरखाली खडी ठोकून भरायची. त्यांनी मला समजावलं, "पोरी, गाडी जाती तिथं जमीन दबती. आपण उचलतो. ह्यात काय लय नाय. घर तर गाडीपरीस हलकं."

मला ते पटलं. न पटायला मला काय कळत होतं? दादांनी कोपऱ्याच्या बाहेरून चर खणला, दोन जुने सोबती बोलावले, आणि कुठून तरी आणलेली काळी खडी पायाच्या बुडाशी ठोकून ठोकून भरली. ते काम बघण्यासारखं होतं. तिघे म्हातारे एका तालात पहारी मारत होते आणि एकजण मध्येच आरोळी देत होता. गल्लीतली माणसं बघायला जमली. तडा सिमेंटने बुजवला, वरून चुना मारला. दादांनी कोपऱ्यावर थाप मारली आणि सोबत्यांना माझ्याकडून मटण खाऊ घातलं.

पाऊस लागला. महिन्याभरात तो चर पाण्याने भरून राहायला लागला. न्हाणीचं पाणीही त्यातच जायचं. पोळा झाला तोवर तडा पुन्हा उघडला, आणि फरशीच्या फटीत आधी बोट जात होतं तिथे आता हात जाऊ लागला. स्वयंपाकघराचं दार लागेना. स्लॅबच्या कोपऱ्यालाही बारीक चीर गेली. मी चूल पुढच्या खोलीत आणली.

दादा दोन दिवस जेवले नाहीत धड. "खडी चांगली होती," एवढंच म्हणायचे.

आणि तेवढ्यात एका रविवारी भाऊ आला. बरोबर गिरणीवाले होते. मी भावाला आत घेतलं, गिरणीवालेही आपोआप आत आले.

भाऊ म्हणाला, "हे बघ, हे विकत घ्यायला तयार आहेत. आहे तसं."

"कशाला? पडकं घर कशाला हवंय त्यांना?"

गिरणीवाले म्हणाले, "घर नको हो. जागा. गिरणी वाढवायची आहे. घर आम्ही पाडूनच टाकू, तुम्हाला त्रास नाही."

"मला त्रास नाही," मी म्हटलं. "दादा कुठे राहतील?"

"माझ्याकडे," भाऊ म्हणाला. "आधी राहतच होते की."

"आणि पाहुणे आले म्हणजे?"

तो चिडला. म्हणाला, "तुला एकटीला हा व्याप झेपणार नाही हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बाईमाणसाने घर बांधायचं, आणि ते पण असं. उद्या स्लॅब खाली आला तर दादा त्याच्याखाली असतील. लोक मला विचारतील, तुला नाही."

"मग लोकांना माझ्याकडे पाठव. आणि हे घर बुडालं तर माझ्या नावावर बुडेल. तुझं नाव कुठेही लागणार नाही, काळजी करू नकोस."

दादा खिडकीखाली खाटेवर बसून ऐकत होते. ते एवढंच बोलले, "चहा ठेव गं." मी म्हटलं, "दूध नाही." दूध होतं. भाऊ उठला, गिरणीवाले त्याच्यामागे गेले.

ते गेल्यावर मी मागच्या खोलीत, म्हणजे रिकाम्या स्वयंपाकघरात, जाऊन उभी राहिले. तड्यातून बाहेरचा उजेड दिसत होता. रडू आलं नाही, राग आला. भावाचा, गवंड्याचा, मातीचा, आणि खरं सांगायचं तर ज्या सहजपणे सगळे 'पाडून टाका' म्हणत होते त्याचा. उभं करायच्या वेळी एकही जण एवढ्या तयारीने आला नव्हता.

आम्ही ऑपरेटर माणसं आवाजाने ओळखतो. एक गृहस्थ दर रविवारी सकाळी नागपूरला मुलीशी बोलायला कॉल नोंदवत. आवाज मोठा, खर्जातला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मुलीशी बोलताना मात्र ते हळू होत. ते धरणांवर काम केलेले निवृत्त इंजिनियर आहेत हे एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कारण कॉल लागायला उशीर झाला की ते म्हणायचे, "एवढ्या वेळात मी धरण बांधलं असतं."

पुढच्या रविवारी त्यांचा कॉल माझ्या बोर्डवर आला. नागपूरची लाइन मिळत नव्हती. ग्राहकाशी कामाबाहेर बोलायचं नाही असा नियम होता. मी आमच्या सुपरवायझर बाईंकडे पाठ केली.

"साहेब, लाइन लागेपर्यंत एक विचारू का?"

ते म्हणाले, "एक्स्चेंजने मला प्रश्न विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकतोय. विचारा."

"काळ्या मातीतलं घर कोपऱ्याने खचतंय. वाचतं का?"

"किती खाली मुरूम आहे?"

"माहीत नाही."

"मग मलाही माहीत नाही. पत्ता सांगा."

पत्ता सांगितला तेवढ्यात नागपूर लागलं.

ते चार दिवसांनी टांग्यातून आले. आवाजावरून मी सहा फुटी माणूस डोळ्यांसमोर धरला होता. उतरले ते माझ्या खांद्याला लागतील एवढे, डोक्यावर हॅट, हातात छत्री. त्यांनी घराला बाहेरून एक फेरी मारली, चरात साचलेल्या पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही खडी कोणाची कल्पना?"

दादा पुढे झाले. "माझी. उभं आयुष्य रूळ उचललेत मी."

"रूळ उंच बांधावर असतो," साहेब म्हणाले. "खडीतून पाणी निघून जातं, म्हणून खडी. इथे पाणी खडीतून खाली जातं आणि तिथेच बसतं. ही माती पाणी प्याली की फुगते, मऊ होते, सुकली की आक्रसते. तुम्ही तिला पाणी प्यायला वाट करून दिलीत."

दादांचा चेहरा उतरला. ते आत गेले. मी साहेबांना म्हटलं, "तेवढं हळू सांगता आलं असतं."

"हळू सांगितलं असतं तर माती कमी फुगली असती का?"

"नाही. पण माझ्या घरात माझ्या वडिलांशी हळूच बोलायचं."

त्यांनी हॅट काढली. मला वाटलं आता टांगा बोलावतील. ते म्हणाले, "बरं. पहार आहे का?"

कोपऱ्यापासून थोडं लांब त्यांनी एक खड्डा खणायला लावला. त्यासाठी दिंडोरीकडचं एक मजूर जोडपं मिळालं. ती दोघं द्राक्षबागेत काम नसलं की शहरात खणायला यायची. नवरा खणायचा, बायको वर माती ओढायची. माणूस पूर्ण आत दिसेनासा झाला तरी काळी मातीच निघत होती. साहेब छत्री उघडून खुर्चीवर बसले होते. मग बायको वरून ओरडली, "साहेब, पिवळा आला बघा!" घमेल्यात पिवळसर, भुरभुरीत मुरूम होता. साहेबांनी तो चिमटीत चोळला.

"इथपर्यंत पाया न्यायला हवा होता," ते म्हणाले. "गवंडी अर्ध्यावर थांबला. आता आपण खालून नेऊ."

"खालून?"

"भिंत तशीच ठेवायची. तिच्याखाली थोडं थोडं खणायचं, मुरूम लागेपर्यंत, आणि काँक्रीटने भरून वर जुन्या पायाला भिडवायचं. एका वेळी चार फुटांचा तुकडा. त्याच्या शेजारचा लगेच घ्यायचा नाही, एक सोडून घ्यायचा. शेजारी शेजारी घेतलेत तर भिंत तुमच्या डोक्यावर येईल. माती सुकल्यावर, संक्रांतीनंतर सुरू करा."

"आणि घर वाचेल?"

"खचायचं थांबेल. तडा होता तो राहील. मी इंजिनियर आहे, न्हावी नाही, चेहरा सुंदर करून देत नाही."

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. पुरवठा कार्यालयात मी अर्ज दिला. कारकुनाने वाचून परत केला. "दुरुस्तीला एवढी पोती नाहीत. नवीन बांधकाम असेल तर बघू."

मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. दुपारची पाळी असेल तर सकाळी जायचं, सकाळची असेल तर दुपारी. बाकावर डबा उघडून जेवायचे. शिपाई मला ओळखायला लागला आणि पाणी देऊ लागला. शेवटी एकदा अधिकाऱ्यांच्या केबिनचं दार उघडं दिसलं, मी आत गेले.

अधिकारी वर न बघता म्हणाले, "दुरुस्तीला मिळत नाही."

"नवीन घराला मिळतं?"

"मिळतं."

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला. मी मागत होते त्याच्या कितीतरी पट.

"मग असं करते," मी म्हटलं. "घर पडू देते. येत्या पावसाळ्यात नक्की पडेल. मग नवीन बांधते आणि तेवढी पोती घेऊन जाते. सरकारचं जास्त सिमेंट जाईल, पण नियम पाळला जाईल. फक्त आत म्हातारे वडील आहेत, ते कुठे काढून ठेवायचे तेवढं सांगा."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही कुठे असता?"

"टेलिफोन एक्स्चेंजला."

"तिथेही अशाच बोलता?"

"तिथे नियमाने बोलते. म्हणूनच इकडे जोर शिल्लक राहतो."

ते हसले की नाही मला आठवत नाही. शाईचं पेन उघडल्याचं आठवतं. सगळी पोती मिळाली नाहीत, पण सुरुवात करण्याइतकी मिळाली. उरलेली पुढे दोन हप्त्यांत आली.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. आधी दादांची खडी उपसली. ती उपसताना दादा घरातून निघून गेले आणि दिवसभर गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बसून आले. नंतर स्लॅबखाली लाकडी बल्ल्यांचे टेकू लावले, न्हाणीचं पाणी पाइपने लांब नेलं, आणि पहिला तुकडा खणला. काही झालं नाही. काँक्रीट भरलं. साहेब रोज सकाळी टांग्याने यायचे, खुर्चीवर बसायचे, उन्हं तापली की जायचे. तड्यावर त्यांनी जागोजागी कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायला लावल्या होत्या. भिंत हलली तर कागद फाटतो.

दुसरा तुकडा कोपऱ्यातला होता. अर्ध्याहून जास्त खणून झालं असेल. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकदम आतून आवाज आला, जाड फांदी मोडावी तसा. प्लास्टरचा एक पोपडा सुटून खाली पडला. मजूर खड्ड्यातून कसा बाहेर आला ते त्यालाही कळलं नाही. त्याच्या बायकोने त्याचा हात धरून त्याला थेट अंगणाच्या फाटकापर्यंत ओढत नेलं.

"मी नाय उतरू द्यायची ह्याला," ती म्हणाली. "लेकरं हायेत मला."

तिचं बरोबर होतं. आणि नेमका त्या दिवशी भाऊ आला होता. फाटकातून आत येताच त्याने सगळं बघितलं. "बस झालं आता!" तो ओरडला. "साहेब, तुम्ही तरी सांगा हिला. पाडा हे!"

कुंपणापलीकडे गिरणी बंद झाली. गिरणीवाले बाहेर आले होते.

साहेब उठले. पट्ट्यांपाशी जाऊन एकेक बघत गेले. एक फाटली होती, वरची. बाकीच्या शाबूत होत्या. ते म्हणाले, "आज कोणी आत जायचं नाही. टेकू कमी पडतायत. आणखी बल्ल्या लावा, बाहेरून तिरक्यासुद्धा. नवी पट्टी लावा. उद्या सकाळी ती फाटली असेल तर पाडायचं का ते बोलू."

"आणि नसेल तर?" मी विचारलं.

"नसेल तर खणायचं."

बल्ल्या आणल्या, पण मजूर भिंतीजवळ जाईना. तेव्हा दादा आतून आले. इतके दिवस ते या कामाकडे फिरकले नव्हते. त्यांनी धोतर वर खोचलं, बल्ली उचलली, भिंतीला तिरकी लावली, बुडाशी फळी ठेवली आणि पाचर ठोकली. ठोकून झाल्यावर कान लावून ऐकलं. मग दुसरी. मग मजूरही तिसरी घेऊन आला. दादांनी शेवटची पाचर मारली तेव्हा साहेब म्हणाले, "थोडी अजून." दादांनी अजून एक घाव घातला आणि दोघांनी एकदमच मान हलवली.

भाऊ थांबला होता. जाताना तो मला म्हणाला, "हट्ट आहे हा तुझा."

"आहे," मी म्हटलं.

सकाळी उठल्या उठल्या मी पट्टीकडे गेले. कागद तसाच, ताठ, खळीला चिकटलेला. साहेब आले, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "खणा."

मजूर खड्ड्याच्या कडेला उभा होता, बायको त्याच्याशेजारी. कोणी हललं नाही. मी साडी खोचली.

"घर माझं आहे, आधी मी उतरते."

"बाई, ते काम नाही तुमचं," साहेब म्हणाले.

"खणायचं नाही येत मला. पण घमेलं भरता येतं. तुम्ही म्हणता ना सुरक्षित आहे? मग मी उतरले तर काय बिघडलं?"

मी शिडीवरून खाली गेले. खाली थंड होतं आणि मातीला ओला, आंबूस वास येत होता. वर बघितलं तर माझ्याच घराचा पाया, खालून. दगडांचं बूड, गवंड्याने जिथे हात थांबवला ती जागा. आपल्या घराच्या खाली उभं राहून त्याच्याकडे वर बघायची वेळ फार थोड्यांवर येत असेल. मला भीती वाटली, खूप वाटली. पण मी घमेलं भरलं आणि वर केलं. ते त्या बाईने घेतलं.

"पदर नीट खोचा," ती वरून म्हणाली, "नायतर पायात यील." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "जा आता. बाईमाणूस उतरलं, तू काय बघतो?"

तो उतरला. मी दुपारपर्यंत खाली होते, मग ड्युटीला गेले. बोर्डवर बसले तेव्हा नखांत काळी माती होती. सुपरवायझर बाईंनी विचारलं, "बागकाम केलं का?" मी हो म्हटलं.

मुरूम लागला, तुकडा भरला. एक सोडून एक असे सगळे तुकडे झाले. नव्या काँक्रीटच्या आणि जुन्या पायाच्या मध्ये साहेब दोन-तीन बोटांची फट ठेवायला सांगत. काँक्रीट आक्रसून बसलं की काही दिवसांनी तिच्यात कमी पाण्याचा कोरडा माल ठोकून भरायचा. तो नीट ठोकला गेला नाही तर सगळं केलेलं वाया. मजुराचा हात त्यात बसेना. साहेब वैतागले. मग ते पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेले आणि खाटेवरच्या दादांना म्हणाले, "तुमच्याकडे रेल्वेचं ठोकायचं काही हत्यार राहिलंय का?" आवाज हळू होता, नागपूरला बोलतात तसा.

दादा म्हणाले, "हत्यार सरकारजमा झालं. हात हायेत."

त्यांनी लाकडाचा एक ठोकळा तासून घेतला आणि पुढचे सगळे दिवस ते खड्ड्यात बसून माल ठोकत होते. साहेब वरून सांगत होते आणि दादा खालून ऐकत नव्हते. रोज भांडण व्हायचं. दुपारी दोघे एकाच ताटलीतली भजी खायचे.

शेवटी मागच्या खोलीतल्या फरश्या काढल्या, खालची काळी माती उपसली, मुरमाचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मसने ठोकले, वर काँक्रीट आणि त्याच्यावर त्याच फरश्या. घराच्या भोवती फरशीची रुंद कड केली म्हणजे पाणी पायाशी जाणार नाही. दार रंधा मारून बसवलं. ते तरीही थोडं कुरकुरायचं. तडा बुजवला, त्याचा वण राहिला. गिलाव्याने झाकू का असं मजुराने विचारलं. मी म्हटलं, "राहू दे. आलेल्यांना दाखवायला होतो."

त्या वर्षीचा पाऊस दणकून झाला. नदीला पूर आला, आमच्या गल्लीत गुडघ्याएवढं पाणी होतं. मी रोज कामावर जाताना आणि आल्यावर मागच्या खोलीत जायचे. पट्ट्या लावून ठेवल्या होत्याच. एकही फाटली नाही. दसऱ्याला मी त्या खरवडून काढल्या आणि चूल मागे नेली.

पुढच्या उन्हाळ्यात गिरणीवाल्यांची मागची भिंत फाटली. ते स्वतः आले, फाटकाबाहेर उभे राहिले. मी त्यांना साहेबांचा पत्ता दिला. आत त्यांच्या मालकीणबाई दिसत होत्या. वास्तुशांतीचा विषय मी काढला नाही. तोंडावर आला होता, गिळला. सोसायटीत आणखी तीन-चार घरांची कामं त्याच पद्धतीने झाली. दिंडोरीच्या त्या जोडप्याला आमच्याच गल्लीत दोन उन्हाळे पुरेल एवढं काम मिळालं. आणि लोक साहेबांना सांगायला जायच्या आधी माझ्याकडे यायचे, बाई, तुम्ही येऊन बघा जरा. मी जायचे, बघायचे, आणि पहिलं विचारायचे, न्हाणीचं पाणी कुठे जातं?

भाऊ वर्षभर आला नाही. आला तेव्हा त्याची थोरली मुलगी बरोबर होती. तिला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, नाशिक रोडहून जाणं-येणं लांब पडत होतं आणि त्या दोन खोल्यांत अभ्यासाला जागा नव्हती. भाऊ बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मुलगीच शेवटी म्हणाली, "आत्या, मी इथे राहू?"

"राहा की," मी म्हटलं. "मागची खोली घे. चूल मी पुन्हा पुढे आणते."

भाऊ दचकला. "मागची?"

"का? घाबरतोस?"

तो उठून मागे गेला. मी आणि दादा पुढच्या खोलीतून ऐकत होतो. त्याने भिंतीवर थापटल्याचा आवाज आला, मग पायाने फरशी दाबून बघितल्याचा, मग पुन्हा एकदा, जरा जोरात. दादा मिशीत हसत होते. भाऊ परत येऊन बसला.

"खर्चाचं काय ते मी देत जाईन दर महिन्याला," तो म्हणाला.

"खर्च नको. सल्ला पण नको. दोन्ही नसेल तर तिची ट्रंक घेऊन ये."

"रविवारी आणतो," तो म्हणाला, आणि या वेळी मी चहा ठेवला.